रूळ नसलेली गाडी

ऑक्टोबर आला की मला सगळ्यात आधी वास येतो तो तापलेल्या पत्र्याचा. पावसाळाभर भिजलेला पत्रा एकदम उन्हात सापडतो आणि दुपारपर्यंत असा तापतो, की आमच्या शेडमध्ये उभं राहिलं तर डोक्यावर कुणी तवा धरलाय असं वाटतं. त्यात टर्पेंटाइन, त्यात रेक्झिन, त्यात गल्लीतून आत येणारा झेंडूचा कडवट वास. माझ्या गावाकडे, किनवटच्या पुढे, याच दिवसांत कापूस फुटतो आणि झाडावर सीताफळं डोळे उघडतात. इथे ती हातगाडीवर येतात. मी एखादं घेते, पायरीवर बसून खाते, आणि बिया थुंकता थुंकता उगाच चिडते.

यंदाही चिडले. पण यंदा नुसती चिडून गप्प बसले नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

परळमध्ये एका बंद गिरणीच्या मागच्या अंगाला आमचं संग्रहालय आहे. संग्रहालय म्हटलं की लोकांना संगमरवरी जिना आठवतो. आमच्याकडे पत्र्याची शेड आहे, दारात वडाचं रोप आहे जे दर वर्षी उपटलं तरी येतं, आणि आत विजेवर चालणाऱ्या जुन्या सार्वजनिक गाड्या आहेत. गाड्या म्हणजे खरं तर दीड गाडी. ट्रामचा पुढचा अर्धा भाग, आणि एक पूर्ण ट्रॉलीबस. ट्राम सगळ्यांना माहीत असते. माणसं येतात, अर्ध्या ट्रामच्या पायरीवर एक पाय ठेवून फोटो काढतात आणि जातात. ट्रॉलीबसकडे बघून म्हणतात, ही पण ट्रामच ना? मग मी सांगते, की हिला रूळ नव्हते. खाली साध्या बससारखी रबरी चाकं, आणि टपावर दोन लांब दांडे, ते रस्त्यावरच्या दोन तारांना टेकलेले. त्या तारांतून वीज यायची. ना धूर, ना इंजिन. थोडीच वर्षं धावली ही मुंबईत, गवालिया टँकहून माझगावच्या बाजूला, आणि मग बंद झाली. लोक "अच्छा अच्छा" म्हणतात आणि पुन्हा ट्रामपाशी जातात.

हे सगळं मी पाठ केलेलं आहे. कुणी मधेच इंग्रजीत काही विचारलं तर माझे तळवे भिजतात. मी सातवीनंतर शाळा सोडलेली. मला भीती वाटत राहते, हा स्वभावच आहे माझा. शेडचं कुलूप लागलं की नाही हे बघायला मी भोईवाड्याच्या कोपऱ्यावरून परत आलेली आहे. ज्या ट्रस्टने ही जागा वापरायला दिली, त्यांचा माणूस नुसता आला तरी मला वाटतं, आता काढतात आपल्याला.

मुंबईत मी आले ती भावाला घेऊन. परळच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्यावर उपचार चालू होते आणि आम्ही समोरच्या फुटपाथवर राहत होतो, गावाकडची बाकीची माणसं राहतात तशीच. तिथे रोज संध्याकाळी एक गृहस्थ खिचडीचा डबा घेऊन यायचे. तांडेल काका. वडील गिरणीत होते, हे स्वतः बँकेतून निवृत्त. त्यांनी एकदा विचारलं, तुला काय येतं? मी म्हटलं, शिवण येतं. त्यांनी मला ओळखीच्या सीट-कव्हरच्या दुकानात मशीनवर बसवलं, भोईवाड्यात एका बाईंकडे झोपायला जागा बघून दिली. भाऊ बरा होऊन गावी गेला, त्याचं लग्न झालं, त्याला मुलं झाली. मी इथेच राहिले. पुढे काकांनीच मला शेडमध्ये आणलं, ट्रॉलीबसच्या सीट शिवायला, आणि मग दर रविवारी यायचं होऊन गेलं. पिंटो सरांनी गळ्यात कार्ड घातलं. त्यावर माझं नाव आणि खाली "स्वयंसेवक". त्यांच्या कार्डावरही तेवढंच लिहिलेलं आहे. पिंटो सर गिरगावचे, फणसवाडीच्या जवळचे, आयुष्यभर मोठमोठ्या मोटारींचं काम केलेले इंजिनिअर. मोटार म्हणजे विजेची.

आता सांगा, अशा माणसांवर चिडायचं कसं? ज्यांच्या खिचडीवर मी आणि माझा भाऊ जगलो त्यांना, "तुम्ही सगळा घोळ घालताय" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? उपकाराचं ओझं डोक्यावर नसतं, जिभेवर असतं. हे मला मुंबईने शिकवलं.

पण घोळ होताच. स्वयंसेवकांचं काम म्हणजे ज्याला जे आवडतं ते. आणि आवडतं सगळ्यांना पितळ घासायला. रविवारी सकाळी माणसं येतात, बाह्या वर करतात, आणि दांडी, घंटा, मूठ, जे पिवळं दिसेल ते घासायला घेतात. दिसतंही छान. फोटोही येतो. ड्रायव्हरच्या मुठीखालच्या पट्टीवर वेगाचे आकडे कोरलेले होते, ते आमच्या लोकांनी प्रेमाने घासून घासून सपाट केले. कुठला आकडा कुठे होता यावर आता वाद चालतो. गाडीच्या खाली शिरून गंज खरवडायला मात्र कुणी नसतं.

आणि वाद तर काय. एक अख्खा हिवाळा स्क्रूवर गेला. पिंटो सरांचं म्हणणं, या गाडीत सरळ खाचेचेच स्क्रू होते, फुलीचे चालणार नाहीत. काकांचं म्हणणं, अरे जोसेफ, स्क्रू कोण बघतो, गाडी चालली पाहिजे. मग लाल कोणता यावर एक उन्हाळा. मी सीटसाठी आणलेलं हिरवं रेक्झिन सरांनी उन्हात धरलं, सावलीत धरलं, नाकाशी धरलं आणि परत पाठवलं. आणि सगळ्यात मोठा वाद विजेचा. वर तारा नाहीत, मग गाडी चालवायची कशावर? सर म्हणत, मूळ व्होल्टेजवरच, त्यासाठी यंत्र बनवू. काका म्हणत, बॅटऱ्या लाव आणि मोकळा हो. सर म्हणत, मग तिला खेळणं म्हण, ट्रॉलीबस म्हणू नकोस. दोघे लहानपणापासूनचे दोस्त, म्हणून तर भांडण कधी मिटतच नाही. मी कोपऱ्यात मशीनवर. पायाखालचं पॅडल जोरात मारायची, एवढाच माझा राग.

या सगळ्यात एकच माणूस असा होता ज्याला खरोखर घाई होती.

साटम आजोबा डिलाईल रोडच्या एका चाळीत राहतात. ऐंशी ओलांडलेले, कमरेत वाकलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालेलं. अगदी तरुणपणी ते या गाडीवर कंडक्टर होते. याच गाडीवर की हिच्या बहिणीवर, ते त्यांनाही सांगता येत नाही, पण अशाच. वळणावर टपावरचा दांडा तारेवरून निसटला की गाडी जागच्या जागी मरायची. मग कंडक्टरने उतरायचं, मागे बांधलेली दोरी सोडायची, आणि ती ओढून, मान वर करून, दांडा पुन्हा तारेत बसवायचा. मागे टॅक्सीवाले शिव्या घालताहेत, आत बायका कुजबुजताहेत, आणि हा पोरगा आभाळाकडे बघत मासा गळाला लावल्यासारखा दांडा झुलवतोय. हे सांगताना आजोबांचे दोन्ही हात अजून वर जातात.

पण चाळीत त्यांचं हे कुणी खरं मानत नाही. रूळ नसलेली, विजेवर चालणारी बस मुंबईत होती, हे ऐकलेलाच कुणी उरला नाही. पाटकर म्हणून त्यांचे एक शेजारी आहेत, वयाने बरेच लहान, ते नेहमी म्हणणार, आजोबा, तुम्हाला ट्राम म्हणायचंय. मुलगा म्हणतो, बाबा, ट्राम. नातसून म्हणते, जाऊ दे ना, वय झालंय. माणूस तरुणपणी केलेल्या कामाबद्दल बोलतो आणि घरचे त्याला दुसरंच काम सांगतात, हे केवढं वाईट आहे. शेडमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी गाडीला हात लावला नाही. खाली वाकून चाकं बघितली. रबरी आहेत ना, एवढीच खात्री करून घेतली. मग दर वर्षी दसऱ्याला यायला लागले आणि दारातूनच मला विचारायचे, "औंदा चलतली काय गो?"

मी काकांकडे बघायची, काका सरांकडे, आणि सर म्हणायचे, पुढच्या दसऱ्याला नक्की.

दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा करतो. पुढे झेंडूची माळ, काचेवर गंधाचं स्वस्तिक, आपट्याची पानं, आणि चाकाखाली लिंबू. सगळी मुंबई करते तसंच. फरक एवढाच, की इतरांच्या गाड्या पुढे जातात आणि लिंबू चिरडतं. आमचं संध्याकाळी तसंच अख्खं निघायचं. काका ते हातात घ्यायचे नाहीत, चाकाखालचं लिंबू घरात नेऊ नये म्हणून. पिंटो सर ते मला पिळायला लावायचे आणि सरबत प्यायचे.

गेल्या वर्षीचा दसरा मात्र वेगळा झाला. उकाडा असा, की माळेतला झेंडू दुपारीच मान टाकून बसला होता. आजोबा आले, भिंतीला धरून. त्या वर्षात ते खूप उतरले होते. त्यांना बघून काकांच्या काय मनात आलं कुणास ठाऊक, म्हणाले, चला, आज दसरा आहे, गाडी थोडी हलवू. त्यांच्या मनात ढकलायचीच होती, आणि ते त्यांनी लपवलंही नाही, फक्त सांगितलं नाही. आजोबांना विचारलं, कुठे बसणार? ते म्हणाले, पुढे. कंडक्टरला बसायला कधी मिळालं होतं, म्हणून आज पुढे. सर ड्रायव्हरच्या जागेवर बसले, आम्ही सगळे मागे गेलो आणि जोर लावला.

गाडी हलली. शेडच्या या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत गेली. लिंबाचा फट्ट आवाज आला आणि आंबट वास सुटला. बाकी काहीच आवाज नाही. आणि तिथेच सगळं फसलं, कारण ही गाडी खरी चालायची तेव्हाही तिला आवाज नव्हताच. आजोबांनी खिडकीच्या दांडीवर तळहात ठेवला होता. खाली उतरले तेव्हा त्यांचा तो एक चांगला डोळा गळत होता. म्हणाले, "तशीच. अगदी तशीच चलता."

आम्ही सगळे घामाने निथळत उभे. ढकलली म्हणून कुणी सांगितलं नाही. मीही नाही. त्या क्षणी कुणाला बोलता आलं असतं?

मला राग आला तो त्यानंतरच्या वर्षाचा. आजोबा खूश होऊन गेले, आणि त्यांच्याबरोबर शेडमधली घाईसुद्धा निघून गेली. एकच माणूस विचारणारा होता, तोही विचारेनासा झाला. सरांचं अर्धवट बनलेलं यंत्र कपाटावर गेलं. काकांनी बॅटऱ्यांचा विषय काढला नाही. पितळ मात्र असं लखलखायचं, की नवीन माणूस म्हणायचा, वा, काय जपलंय. मी रविवारी यायची, धूळ झाडायची, पाठ केलेलं बोलायची. अख्खा पावसाळा असाच गेला. कधी कधी वाटायचं, आपण गाडी जपत नाही, तिचं न चालणं जपतो आहोत.

यंदा घटस्थापनेला आजोबा स्वतः आले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. सांगितलं, की चाळीतली मंडळी दसऱ्याला आणतोय. पाटकरही येतोय. वर्षभर सगळ्यांना सांगतोय की माझी गाडी चालते, मी बसून आलोय. आता डोळ्यांनी बघू देत. मुलालाही सुट्टी काढायला लावलीय.

 रविवारी मी काकांना आणि सरांना सांगितलं. मला वाटलं, आता तरी हे हलतील. काका म्हणाले, मग त्यात काय, पुन्हा ढकलू. गेल्या वर्षी झालंच की नीट. सर म्हणाले, या वेळी बघणारे जास्त आहेत, मागची काच झाकावी लागेल. काका म्हणाले, पडदा लावू, निर्मला शिवेल. आणि मग, देवाशपथ सांगते, पिंटो सर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, की या गाडीला मागच्या काचेवर पडदा कधी नव्हता, ते चुकीचं दिसेल. काका म्हणाले, होता, मी लहानपणी बघितलाय. सर म्हणाले, तू ट्रामचा बघितलास. झालं. दोघे जुने फोटो शोधायला लागले.

मी मशीनवरून उठले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"काका, पडदा त्या काळी होता की नव्हता ते राहू द्या. मागे ढकलणारी माणसं त्या काळी होती का?"

 कुणाच्या हातातलं फडकं पितळेवर तसंच थांबलं. काकांचा चेहरा इतका उतरला, की मला फुटपाथवरची ती संध्याकाळ आठवली, वाफाळता डबा आठवला आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पण परत घ्यावं असं काही मी बोलले नव्हते. पिशवी उचलली आणि चालत डिलाईल रोडला गेले.

आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. खाली मुलं कसलं तरी खोकं फुटबॉलसारखं मारत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. गाडी चालली नव्हती, आम्ही मागून ढकलली होती, मोटार अजून बंदच आहे. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी खाली मुलांना हाताने लांब जा म्हणून खुणावलं. मग म्हणाले,

"म्हणजे वर्षभर मी खोटा बोललंय."

मी म्हटलं, तुम्ही नाही, आम्ही. त्यांनी मान हलवली. लोकांना सांगितलं कोणी, तुम्ही की मी? मी म्हटलं, या वर्षी नका आणू कुणाला, काहीतरी कारण सांगू. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचं गिळलं. चहा मात्र पिऊनच जा म्हणाले. 

दसऱ्याला ते आले. धुतलेला सदरा, डोक्याला तेल. मागे चाळीतली मंडळी, नव्या साड्या, कानावर झेंडू अडकवलेली पोरं. पाटकर पुढे होते, हातात मोबाइल, व्हिडिओ काढायला. काका आणि सर दोघेही दाराशी उभे, शाळेत उशिरा आलेल्या मुलांसारखे. आम्ही पडदा लावला नव्हता. ढकलायलाही कुणी मागे गेलं नव्हतं. आजोबा गाडीच्या पुढे जाऊन मंडळींकडे तोंड करून उभे राहिले. मोठ्या आवाजात बोलायची सवय मोडलेली, म्हणून एकदा खाकरले.

"गेल्या साली मी तुमका सांगितलंय, गाडी चलली. चलली नाय हा. ह्येंनी ढकलली, माका कळाक नाय. मी चुकीचा सांगितलंय. पण गाडी होती. ती ही."

 पाटकरांनी मोबाइल खाली केला, पण माणूस सवयीचा गुलाम. म्हणाले, म्हणजे आजोबा, ट्रामच ना?

"खाली वाक," आजोबा म्हणाले. "रूळ दाखव माका."

आणि पाटकर खरंच वाकले. इस्त्रीची पँट, गुडघ्यावर हात, चाकाखाली डोकं. मागे पोरंही वाकली. चाळ हसायला लागली, मग आजोबांचा मुलगा हसला, आणि मग त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. टपावरचे दांडे बघून त्याने विचारलं, हे निसटायचे का हो बाबा?  इतक्या वर्षांत हा प्रश्न घरच्या माणसाने पहिल्यांदा विचारला होता, तो आजोबांनी जरा हवेत राहू दिला. मग दोन्ही हात वर केले आणि सांगायला लागले.

निघताना ते काका आणि सरांच्या समोर थांबले. आवाज न चढवता म्हणाले, की आता कधी ते सांगा, पुढचा दसरा सांगू नका. काकांनी गुढीपाडवा म्हटलं. सर म्हणाले, नाताळ. झालं, पुन्हा दोघे भांडणार असं वाटलं, पण आजोबांनी नाताळ उचलला. आधी येतो म्हणून.

दसऱ्यानंतर काकांनी मला तीन-चार दिवस हाक मारली नाही. मग एका संध्याकाळी दुकानाच्या दाराशी येऊन, रस्त्याकडे बघत म्हणाले, बॅटऱ्या ठेवायला खाली जाड गादी लागेल, शिवशील का? मी हो म्हटलं. तेवढंच. एवढ्यावर आमचं भागलं.

काल रविवार होता. उकाडा अजून तसाच. सरांनी ट्रकच्या बॅटऱ्या एकाला एक जोडल्या. तोंडाने "फक्त तपासणीपुरत्या, चालवायला नाही" असं म्हणत होते, आणि काका पहिल्यांदाच गप्प राहिले. गाडीचं मागचं अंग जॅकवर उचललं होतं, चाकं जमिनीपासून वर. सरांनी मूठ फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. आम्ही आवाजाची वाट बघत होतो आणि मूर्खासारखे उभे होतो. मग काका म्हणाले, अरे, चाक बघा. चाक फिरत होतं. किती वेळापासून फिरत होतं कोण जाणे. हळू, जात्यासारखं, हवेतल्या हवेत. पिंटो सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला. दोन मिनिटांनी नाताळला गाडीवर ड्रायव्हर म्हणून कोण बसणार, यावर वाद सुरू झाला.

मी बाहेर येऊन आजोबांना फोन लावला. नातसुनेने त्यांच्या कानाला धरला. मी म्हटलं, आजोबा, चाक फिरलं, विजेवर. पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद करायला लावला.

"जमनीर की अधांतरी?"

मी म्हटलं, अधांतरी. गाडी जॅकवर होती.

"मगे मी अजून कोणाक सांगूचंय नाय," ते म्हणाले.